कोरा गज

तंजावूर,
३१ मे १९९७

प्रिय रघू,

लावण्या आज सकाळच्या गाडीनं निघाली. आपल्या गल्लीतले बाळकृष्णराव, त्यांची बायको आणि दोन्ही मुली सोबत आहेत, तेव्हा काळजी करू नकोस. मद्रासला त्यांच्या पुतण्याचं लग्न आहे, ते आटोपून पुढच्या आठवड्यात सगळे पुण्याला येतील. तिच्या पिशवीत मुरुक्कू आहेत, तुझ्या सुंदरीसाठी एक साडी आहे आणि तुझ्या आवडीचं डांगराचं पीठ आहे. ते पीठ सुंदरीनं मुंग्यांच्या हवाली करू नये, एवढं माझ्या वतीनं सांग. महिनाभर तुझ्या पोरीनं इथं काय खाल्लं म्हणशील, तर आंबे आणि दहीभात. बाकी सगळं ताटाच्या कडेला लावून ठेवायची आणि पोट भरलं म्हणायची. थोडी काळवंडली आहे, पण अग्निनक्षत्राच्या उन्हात गल्लीभर हुंदडल्यावर दुसरं काय होणार?

परवा एसटीडी बूथवरून बोललो तेव्हा मी तुला कार्यक्रम छान झाला एवढंच सांगितलं. तो छान झालाच. पण लावण्याच्या व्हायोलिनबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. बूथमध्ये डोळ्यांसमोर लाल आकडे पळत असतात आणि दाराशी बूथवाला मुरलीकृष्ण कान टवकारून उभा असतो, हे खरं. पण तो नसता तरी माझ्या तोंडून ते निघालं नसतं. ती घरी येऊन तुझ्यासमोर व्हायोलिन वाजवायला उभी राहील, त्याआधी तुला ते कळायला हवं, म्हणून हे पत्र कुरियरनं धाडते आहे. माझी देवनागरी हिंदीच्या परीक्षांची आणि मराठी तू पाठवलेल्या दिवाळी अंकांची. बोलताना मात्र अजून आपल्या गल्लीचंच तोंड. कुठं चुकलं तर हसून घे, कारण पुढं हसण्यासारखं फारसं काही नाही.

भुवना तुला आठवत असेल. पलीकडच्या आळीतल्या गोपालकृष्णांची धाकटी, दोन वेण्यांची, अप्पांकडे शिकायला यायची. लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि तिकडं लहान मुलांच्या शाळेत व्हायोलिन शिकवायला लागली. यंदा ती सुट्टीला आली ती लाकडी खोक्यांत भरून छोटी छोटी व्हायोलिनं घेऊनच. तिकडच्या कुठल्या शाळेनं मोडीत काढलेली. राजवाड्याजवळच्या शाळेचा हॉल तिनं मे महिन्यासाठी मागून घेतला आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा ऑर्केस्ट्रा काढायचा ठरवलं. हल्ली गल्लीत केबल आली, कॉम्प्युटरचा क्लास आला. प्रत्येक आईबापाला आपलं पोर काहीतरी नवीन शिकायला हवं आहे, त्यामुळे नावं द्यायला झुंबड उडाली. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून वाजवणारी माणसं. इथं मुलं खुर्च्यांवर ताठ बसलेली, व्हायोलिन हनुवटीखाली, दोघांत मिळून एक, सुरांचे कागद ठेवायचा स्टँड. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. ही पोरं वाजवायला बसली आहेत की दाढदुखीवर शेक घ्यायला, असं मी भुवनाला विचारलंसुद्धा. ती हसली आणि सगळी व्हायोलिनं रोज सुरात लावून द्यायचं आणि सगळ्या गजांना राळ लावायचं काम माझ्या गळ्यात घालून मोकळी झाली.

रघू, ते काम मला फार आवडायला लागलं होतं. मुलं यायच्या आधी मी हॉलमध्ये जाऊन जमिनीवर बसायची आणि एकेक व्हायोलिन मांडीवर घ्यायची, अंघोळ घालायला तान्ही पोरं घ्यावीत तशी. हाताला सवय आपल्या सा-पची, त्यामुळे खुंट्या पिळता पिळता तारा आपल्याच सुरांवर जायच्या आणि भुवना मागून येऊन सगळं पुन्हा लावायची. मुलांना ती एकच गोष्ट रोज सांगायची, आधी तमिळमधून आणि मग लावण्यासाठी आपल्या गल्लीच्या मराठीतून. वाजवताना तुझा आवाज तुला वेगळा ऐकू आला, तर समज की तू एकटीच पळते आहेस. बरोबर वाजलं की आपला आवाज आपल्याला सापडत नाही. सगळ्यांचा मिळून एकच सापडतो. हे वाक्य तू लक्षात ठेव, मला पुढं त्याचं काम आहे.

लावण्या तिसऱ्या ओळीत होती. शेजारी कार्तिक नावाचा एक गोलमटोल मुलगा, त्याला मराठीचं अक्षर येत नाही आणि हिला तमिळ चार शब्द. दोघांचं भांडण आणि दोस्ती सगळं खाणाखुणांवर चालायचं. तू घेऊन दिलेलं व्हायोलिन ती कुणाला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून मला सगळं पुन्हा वाजवून दाखवायची, येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असायचं की हे मी बाबांना वाजवून दाखवणार. आता खरं सांगते. पोरीचा सूर खाली लागतो. अगदी बेसूर म्हणणार नाही, पण प्रत्येक स्वराच्या किंचित खाली, आणि जोरात. तिला त्याची कल्पना नाही आणि लाजणं तिच्या अंगात नाही. ती गज असा ओढायची की समोरच्या घरच्या महालक्ष्मीमामी खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. मी हसून घ्यायची. पण हसताना आपल्या दारावर कुणाची पाटी आहे ते मला आठवायचं. ‘व्हायोलिन विद्वान सीतारामराव’. अजून ती पाटी मी दर शुक्रवारी पुसते.

आपल्या घरची रीत तुला मी काय सांगावी? अप्पांकडे नवीन मूल आलं की त्याच्या हातात कोरा गज पडायचा. राळ न लावलेला. केस तारेवरून नुसते घसरतात, आवाज म्हणून निघत नाही. आधी हात वळू दे, मनगट सुटू दे, तोवर कान विटवू नका, असं अप्पांचं म्हणणं. मग विजयादशमीला सगळी पोरं गज पुढं धरून ओळीनं बसायची आणि ज्याचा हात तयार झाला असेल त्याच्या गजाला अप्पा स्वतः राळ लावायचे. त्या दिवशी त्या घरून गल्लीभर गुळाचा चक्करै पोंगल वाटला जायचा. अमक्याला राळ लागली, असं लोक म्हणायचे, मुंज लागली म्हणावं तसं.

मला पहिल्याच वर्षी लागली. तू तीन दसरे बसलास. तिसऱ्या वेळी तू नवीन शर्ट घातला होतास, पिवळा, आणि अप्पा तुझ्यासमोर थांबले, तुझ्या मनगटाकडे बघितलं आणि पुढच्या मुलाकडे सरकले. संध्याकाळी तू तो गज स्वतःच माळ्यावर टाकलास आणि शिडी जागेवर नेऊन ठेवलीस. अप्पा गेले तेव्हाही आपण त्यावर बोललो नाही. मग तू कॉमर्स केलंस, पुण्याला गेलास, आता त्या परदेशी मोटारींच्या कंपनीत मोठा साहेब झालास, आणि तिथल्या पहिल्या पगारातून पोरीला व्हायोलिन घेतलंस. मला लिहिलंस ते एवढंच: तिला आवडलं तर बघ, बाकी काही नाही. ते ‘बाकी काही नाही’ मी तेव्हा नीट वाचलं नाही. आता रोज वाचते आहे.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तिरुवैयारूहून शेषाद्री मास्तर तालीम बघायला आले. अप्पांच्या बरोबरीनं वाजवलेला त्या पिढीतला एवढा एकच माणूस उरला आहे, आणि कार्यक्रमाचे अध्यक्षही तेच होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, आमच्या सीतारामरावांची नात कुठली? मी मोठ्या तोऱ्यात बोट दाखवलं. मास्तर तिसऱ्या ओळीच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले, काठीवर हनुवटी टेकवून पूर्ण तालीम ऐकली. संपल्यावर मी कॉफी घेऊन गेले. वाटलं, मूल आहे, होईल, असं काहीतरी म्हणतील. त्यांनी तिचा विषयच काढला नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. कुठलं तेल लावतेस ते विचारलं, त्यांच्या सुनेचं कुठलं तेल चांगलं आहे ते सांगितलं आणि कॉफी संपवून निघून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रघू, मला लावण्याची लाज वाटली. आठ वर्षांच्या पोरीची, जिला मी सकाळीच वेणी घालून आणलं होतं. मी तडक भुवनाकडे गेले आणि तिला म्हटलं की लावण्याला या खेपेला वाजवायला नको बसवूस, पडदा ओढायला ठेव, फुलं द्यायला ठेव. भुवना कागद गोळा करत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “अक्का, मज ती तशीच पाहिजे.” एवढंच. आणि पुन्हा कागद गोळा करायला लागली. मला तिचा राग आला. अमेरिकेत राहून हिचे कान गेले, असंही मनात आलं. घरी येताना लावण्या माझा हात धरून उड्या मारत चालली होती आणि मी पाय ओढत मागं मागं राहत होते. तिनं विचारलं, गुडघा दुखतो का? मी हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात गेली. तिचं गाणं आतून ऐकू येत होतं. मी तिची व्हायोलिनची पेटी उघडली, गज काढला, फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि गजाचे केस पुसले. एकदा पुसून भागेना, पुन्हा पुसले, उन्हात खिडकीशी धरून वाळवले, पुन्हा पुसले. फडक्यावर सगळी राळ पांढरी उतरली. गज अगदी नवा दिसायला लागला. तो पेटीत ठेवला, वास जावा म्हणून फडकं मागच्या अंगणात टाकलं, आणि तिच्यासाठी इडल्या वाढल्या. दुपारी हॉलमध्ये सगळ्या मुलांच्या गजांना नेहमीसारखी राळ लावली. तिचा हातात आला तेव्हा लावल्यासारखं करून बाजूला ठेवला. मी मनाशी म्हणत होते की ही तर अप्पांचीच रीत, तयार नाही त्याचा आवाज बाहेर जाऊ नये. पण अप्पांच्या पोरांना आपला गज कोरा आहे हे ठाऊक असायचं. तुला ठाऊक होतं. लावण्याला ठाऊक नव्हतं. हा फरक मला तेव्हाही कळत होता, कळत नव्हता असं मी तुला सांगणार नाही.

हॉल खचाखच भरला होता. कुठल्या थंड पेयाच्या कंपनीनं मोठं लाल कापड लावलं होतं, त्याखाली पोरं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. भुवनानं हात उचलला आणि एकदम सगळे गज निघाले. छान वाजलं, रघू. कधी वर, कधी खाली, कुणी मागं राहतंय, कुणी पुढं पळतंय, पण छान. मी बाजूला उभी राहून तिसऱ्या ओळीकडे बघत होते. सगळ्यांत सुरेख गज तिचाच फिरत होता. मनगट सुटलेलं, कोपर जिथं हवं तिथं, डोळे भुवनावर. आणि त्यातून काही येत नव्हतं. शेजारचा कार्तिक चुकला की ती त्याच्याकडे बघून भुवई उडवायची. नंतर शेषाद्री मास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले की पोरीचा हात थेट सीतारामरावांचा आहे, घराचं नाव राखलं. मी दोन्ही हात जोडून ते घेतलं. मान खाली घालून, विनयानं, जसं घ्यावं तसं घेतलं.

मग ती धावत आली. केस कपाळाला चिकटलेले, एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातात गज. माझ्या पदराला धरून म्हणाली, “आत्या, आज मला माझा आवाज सापडलाच नाही. एकदापण नाही. भुवना मिस म्हणतात तसं झालं.”

मी तिच्याकडे बघून हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? महिनाभर ती ज्याची वाट बघत होती ते आज झालं, असं तिला वाटत होतं, आणि मी तिला चार लोकांत झाकून ठेवलं होतं. तिनं लगेच पेटी उघडली, गज आत ठेवला आणि मला बजावलं की आता याला कुणी हात लावायचा नाही, आज जसा आहे तसाच बाबांकडे न्यायचा. आज तो बरोबर वाजतो आहे, म्हणाली. ती पेटी ती उशाशी घेऊन झोपली. नंतरचे दोन दिवस मी सांगायला गेले आणि परत फिरले. एकदा ती आंबा खात होती, एकदा कार्तिकला निरोप द्यायला निघाली होती, एकदा काहीच करत नव्हती, तरी मी परत फिरले. गुपचूप राळ लावून ठेवावी, असंही मनात आलं. अप्पांची राळ हातात घेऊन तिच्या अंथरुणापर्यंत गेलेसुद्धा. पण चोरून पुसली ती पुन्हा चोरून लावायची, हे मला जमेना. आज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून पेटी दाखवत होती.

म्हणून हे पत्र. ती घरी येईल, चपला काढायच्या आधी पेटी उघडेल, तुझ्यासमोर उभी राहील आणि गज ओढेल. इथं तिच्या आजूबाजूला सगळे वाजवत होते, तिथं ती एकटी असेल आणि काही वाजणार नाही. तुझ्यासमोर, रघू. तू त्या ओळीत बसलेला आहेस, ते काय असतं हे तुला मी सांगायला नको. तिला वाटेल की आपलंच काहीतरी हरवलं. ती पेटी उघडण्याआधी तिला जवळ घे आणि सांग की आत्यानं राळ पुसली होती, कारण आत्याला तुझी लाज वाटली. असंच सांग. आत्या विसरली वगैरे म्हणून माझ्यावर पांघरूण घालू नकोस. तिला मला काय लिहायचं ते ती लिहील, नाही लिहिलं तरी मी समजेन. या पाकिटात फडक्यात गुंडाळलेली अप्पांची राळ आहे, मध्ये खाच पडलेली, तीच. ती मी आजवर कुणाच्या हातात दिली नाही, पण आता ती माझ्याकडे ठेवायला नको वाटते. तिच्या गजाला राळ तू लाव. टोकापासून मुठीपर्यंत, सावकाश, दाबून न धरता. तुला येतं ते, तीन दसरे तू अप्पांचा हात बघत बसला होतास. मग तिला वाजवू दे. सूर थोडा खाली लागेल, आणि जोरात लागेल. ती वाजवत असताना दार लावून घेऊ नकोस.

तुझीच,
अक्का